काळी चार

२४ ऑक्टोबर १९७७, सोमवार

परवा कोजागिरी. गुरुवारी पहाटेपासून मारुतीच्या देवळात काकडा, पुढे कार्तिकी पुनवेपर्यंत रोज. आवाज ठीक आहे असं वाटतं. सकाळी ठीक होता, दुपारी जरा जड. दही खाल्लं नव्हतं, मग जड का? मिठाच्या गुळण्या केल्या.

आमचे पेटीवाले मास्तर परवाच नाशिकला लेकीकडे गेले. डोळ्याचं ऑपरेशन. डिसेंबरपर्यंत येत नाहीत. वीस वर्षांत पहिल्यांदा काकड्याला त्यांची पेटी नाही. राहनाळच्या गोदामातले कारकून वसंतराव पेटी धरणार. चाळिशीचे आहेत. रीतसर शिकलेले, वहीत लिहून वाजवतात म्हणे. मी चौथी पास. शिकलेल्या माणसाच्या पुढे माझा घसा आधीच सुकतो.

२५ ऑक्टो.

पहाटे परसात रांजणात तोंड घालून सा लावला. थोरल्या बुवांनी, माझ्या गुरूंनी, घालून दिलेली रीत. रिकाम्या रांजणात खालचा सा धरायचा, दम संपेपर्यंत. पुन्हा धरायचा. रांजण गुंगायला लागला की गळा तापला समजायचं, मग वर जायचं. हिने रांजणात चिंच भरून ठेवली होती. काढताना कुरबुर झाली.

"देवाला तुमचा आवाज पायजे, मना चिंच पायजे."

थोरल्या बुवांनी जाण्याआधी वीणा माझ्या गळ्यात घातली, त्याला तेवीस वर्षं झाली. एवढंच म्हणाले, "पट्टी सोडू नको. शेलारचा काकडा काळी चारमध्येच." बाकी गावांत कुणी काळी एकमध्ये गातं, कुणी दोनमध्ये. वळचे लोक पांढरी चारच्या वर चढत नाहीत. आमची काळी चार, पेटीवरची चौथी काळी पट्टी. इतकी उंच आसपास कुणाची नाही.

साठीनंतर माणसाचा आवाज बसतो. माझं उलटं झालं. चौसष्टाव्या वर्षापर्यंत वरच्या सा-ला मानेच्या शिरा ताणायच्या. तीन सालांपूर्वी एका काकड्याला तो अलगद लागला, तेव्हापासून अलगदच लागतो. मारुतीची कृपा. कुणाला बोललो नाही, दृष्ट लागते. इथे लिहायलाही नको होतं.

२६ ऑक्टो. कोजागिरी

देवळात दूध आटवलं. मी गरम घोटभर घेतलं. जोमा माझा बालमित्र, पखवाजवाला, त्याने चार पेले घेतले आणि वर गार पाणी प्यायला. त्याचं काय, त्याला हातांनी वाजवायचं आहे.

झोप लागत नाही. लवकर झोपावं म्हणजे आवाज राहतो, या विचाराने लागत नाही.

२७ ऑक्टो., गुरुवार

आवाज फुटला.

कसं झालं ते लिहून ठेवतो. वसंतराव पेटी घेऊन माझ्या मागे बसले. मी देवाकडे तोंड करून उभा. म्हणालो, "काळी चार द्या." त्यांनी सूर दिला. मग म्हणाले, "पखवाज उतरलाय, चढवून घ्या." जोमा एरवी तोंडाळ, कुणाचं ऐकून घेत नाही. आज काही बोलला नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गट्टे ठोकत बसला.

खाली ठीक. मधेही ठीक, फक्त जरा उंचावर उभं असल्यासारखं वाटत होतं. वरच्या सा-ला तोंड उघडलं आणि नुसता वारा आला. नंतर किरर्र, दाराच्या बिजागरीसारखा. बायका खाली बघायला लागल्या. पुढची भूपाळी जोमाने पखवाज वाजवता वाजवता म्हटली. त्याचा गळा म्हणजे रेडकाचा.

तेवीस वर्षांत असं नाही.

२८ ऑक्टो.

पुन्हा गेलो, पुन्हा फुटला. काल ज्या ठिकाणी, आज तिथेच.

सगळं गाव वैद्य झालं आहे. ज्येष्ठमध, कंकोळ, लवंग, खडीसाखर. एकजण म्हणाला वेखंड चाटा, एकजण म्हणाला तुरटीच्या गुळण्या. सूनबाईने हळद-दूध दिलं. मी सगळं घेतलं. जे सोडीन तेच नेमकं लागू पडायचं असलं तर?

३० ऑक्टो., रविवार

खर्जसुद्धा चिरका. साधं बोलतानाही शब्दाचं शेपूट तुटतं. काकड्याला गेलो, नुसता टाळ धरून उभा राहिलो. वसंतरावांनी विचारलं, "बुवा, पट्टी उतरवू का?" चांगल्या मनाने विचारलं असेल. मी मान हलवली, नाही. चारचौघांत विचारतात का असं.

१ नोव्हें.

आमच्या टाळकऱ्यांतल्या धर्माचं असंच झालं होतं. आधी आवाज बसला, सगळे हसले. मग पाणी गिळवेना. आठ महिन्यांत गेला. मी आज दहा वेळा पाणी पिऊन पाहिलं, गिळता येतं. अकराव्या वेळी ठसका लागला. ही म्हणाली, "दहा तांबे कुणी बी प्यायला तर ठसका लागंल." पण तिचा चेहरा उतरला. बाळारामने मला डॉक्टरांकडे न्यायला परवाची गोदामातून सुट्टी घेतली आहे. मुलगा बापासाठी न मागता सुट्टी घेतो, म्हणजे त्यालाही भीती वाटते आहे.

३ नोव्हें., गुरुवार

भिवंडीत घशाच्या डॉक्टरांकडे. तरुण आहेत, हात हलका. स्पिरिटच्या दिव्यावर एवढासा आरसा गरम केला, माझी जीभ फडक्याने धरून बाहेर ओढली, आरसा आत घातला. "ई म्हणा आजोबा." म्हटलं. पुन्हा म्हणायला लावलं. मी त्यांच्या भुवया बघत होतो. वर गेल्या की मी संपलो असं ठरवून ठेवलं होतं. गेल्या नाहीत.

आत सूज आहे, लाल आहे. ताण पडला आहे म्हणाले. पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही. मग पुन्हा आरसा. उतरली नाही तर मुंबईच्या मोठ्या इस्पितळात दाखवू.

मी हळूच कुजबुजत विचारलं, "पुनवेला गाता येईल का?" तर रागावले. "कुजबुजणं तर मुळीच नाही. बोलण्यापेक्षा त्याने घसा जास्त घासतो. आणि ते सारखं खाकरणं बंद. किती वेळा खाकरलात, मोजलं मी."

मी खाकरत होतो हे मला माहीतच नव्हतं.

येताना बाळारामने एक पाटी घेतली आणि पेन्सिलींचं पुडकं. या वयात पुन्हा पाटी. पुनीव २५ तारखेला, दुसरा आरसा १८ ला. मध्ये सात दिवस.

४ नोव्हें.

मौन. पाटीवर लिहिलं, 'चहा'. ही वाचायला शिकलेली नाही, ते विसरलो. कप दाखवला. म्हणाली, "येवढी वरसं बोलून मागितला, आज पयल्यांदा गोड दिसलाव."

रोजनिशीत जास्त लिहिलं जातं आहे. बोलायचं ते सगळं इथे येतं.

५ नोव्हें.

भाताची झोडणी चालू. खळ्यावर धूळ, म्हणून मला मज्जाव. पडवीत बसून नुसता बघतो. एक बैल सैल सुटून पेंढ्याकडे गेला, ओरडता येईना. टाळी वाजवली, कुणाला ऐकू येईना. शेवटी मीच पळालो. बैल हाकता येत नाही तो कसला शेतकरी.

काकडा चालू आहे. वसंतराव स्वतःच गातात. जोमा सांगायला आला. मी पाटीवर लिहिलं, 'कुठल्या पट्टीत?' तो म्हणाला, "चारमंदी. गातो बरा. पन बायका निम्म्या झाल्या." लिहिलं, 'का?' तर म्हणाला, "गानं हाय, काकडा न्हाय." मग उगाच बसून राहिला. काहीतरी बोलणार होता. न बोलताच उठला.

वाईट वाटायला हवं होतं, बायका कमी झाल्या म्हणून. खरं लिहायचं तर बरं वाटलं. देवा, माफ कर.

६ नोव्हें.

चूक केली. गुरं धुवायला गेलो तेव्हा आसपास कुणी नाही असं बघून वरचा सा लावून पाहिला. फक्त आहे का ते बघायला. नाही.

संध्याकाळी पुन्हा बघितला. नाही.

७ नोव्हें., सोमवार

हिला कळलं. गुराख्याने सांगितलं असणार. रागावली नाही, खाली बसली. म्हणाली, "वालाचं बी पेरलाव आनि रोज उकरून बघताव, कोंब आला का, कोंब आला का. कसा यंल?"

जन्मभर शेती केली आणि हे मला हिने सांगावं.

ज्येष्ठमध संपलं म्हणून दुपारी भिवंडीत काष्ठौषधीच्या दुकानी गेलो. त्या गल्लीत सत्तर सालच्या दंगलीपासून पाय टाकला नव्हता. दुकान तिथेच, दुकानदारही तोच, पिकला फक्त. माझ्या आधी एक म्हातारे मुसलमान गृहस्थ उभे होते, तेही मुलेठी, म्हणजे ज्येष्ठमधच, घेत होते. मी पाटीवर लिहून दाखवलं तर दुकानदाराने ते मोठ्याने वाचलं, "ज्येष्ठमध एक छटाक. आवाज गेला आहे. बोलायला मनाई." सगळ्या दुकानाला कळलं. ते गृहस्थ वळले. मशिदीत बांग देतात. म्हणाले, "गानेवाले हो? भजन?" मी मान हलवली. "सुबह का?" हो.

"फिर तो अपना एक ही टाइम है चाचा."

मला चाचा म्हणतात, स्वतः माझ्याच वयाचे. मी लिहिलं, 'तुम्ही पहाटे गळा कसा तापवता?' दुकानदाराने वाचून दाखवलं. ते हसले. "गला और बैल, उठते ही मत जोतो. मैं तो बिस्तर में ही चालू करता हूँ, मुँह बंद करके." आणि ओठ मिटून नाकातल्या नाकात गुणगुणून दाखवलं, भर दुकानात, भुंग्यासारखं. "मसजिद तक यही. रात को पानी पूरा पीके सोता हूँ. और सबसे बड़ी बात, देखता नहीं हूँ कि आवाज़ है कि नहीं. वक़्त पे जो निकले, मालिक का."

मी रांजणाचं लिहून दाखवलं. ते खूश झाले. "मटके में? वाह." पण बोट हलवून म्हणाले, मटका नंतर, आधी भुंगा.

जाताना दुकानदाराला म्हणाले, चाचांच्या पुडीत माझ्याकडच्या दोन कांड्या टाक, त्यांची काडी बारीक आली आहे. मला नको म्हणता येईना, बोलायची मनाई. हात जोडले. नाव विचारायचं राहिलं.

९ नोव्हें.

उकरलं नाही.

१२ नोव्हें., पाडवा

हिने ओवाळलं. दर पाडव्याला मी काहीतरी टोमणा मारतो, ती परत मारते, मग ताटात घालायचं ते घालतो. आज टोमणा नाही. ती ओवाळताना थांबली. "बोला कायतरी. सण सुना लागतो." मी हाताने घसा दाखवला. म्हणाली, "मना ठाव हाय. तरी पन."

पाटीवर काय लिहिणार, तिला वाचता येत नाही. पाटीवर नथ घातलेली बाई काढली, डोकीवर मोठा रांजण. चित्र मात्र बैलासारखंच आलं. ती खूप हसली, सूनबाईला दाखवली. पाटी पुसू दिली नाही. आज दुसऱ्या बाजूवर लिहितो आहे.

१४ नोव्हें.

काल भाऊबीज, वळची बहीण आली होती. आल्या आल्या म्हणाली, "तू लहानपनी तोतरा होतास, गायला लागलास तवा बोलायला लागलास." हे मी विसरलो होतो. खरं आहे. थोरल्या बुवांनी सहाव्या वर्षी देवळात टाळ हातात दिला, म्हणाले बोलू नको, नुसता सूर ओढ. तेव्हा बोलणं सुटलं.

म्हणजे बोलणंसुद्धा त्यांचं दिलेलं. आणि मी त्यांची एक पट्टी राखू शकत नाही.

१७ नोव्हें.

उद्या आरसा. पाणी आज फक्त तीन वेळा गिळून पाहिलं.

१८ नोव्हें., शुक्रवार

सूज उतरली!

डॉक्टरांनी दोनदा पाहिलं. गाठबीठ काही नाही. मुंबईला जायचं नाही. मी 'बरं' म्हणालो. पंधरा दिवसांनी पहिला शब्द. जाडा निघाला, पण माझाच. बाळाराम दाराकडे तोंड करून उभा राहिला, नाक ओढत होता.

आता हळू बोला, ओठ मिटून गुणगुणा, मग खालचे सूर. भुंगा! मी सांगितलं की मशिदीतल्या चाचांनीही हेच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मग मला फी कशाला देता, त्यांनाच द्या."

शेवटी म्हणाले, "गा, पण इतक्या वर चढू नका. वय बघा. दोन पायऱ्या खाली उतरून गा." मी म्हणालो, "ते जमायचं नाही." ते म्हणाले, "मग पुढच्या वेळी आरशात मला काय दिसेल ते मी सांगू शकत नाही."

त्यांना पट्टी म्हणजे काय ठाऊक नाही. दोन पायऱ्या. जसा काही जिना आहे.

१९ नोव्हें.

सकाळी अंथरुणातच भुंगा. ही म्हणाली, "माशी शिरली काय घरात?" मग परसात रांजण. खालचा सा लागला, गोल. रांजण गुंगला. डोळ्यांत पाणी आलं. मारुतीराया, एवढं दिलंस तरी पुरे. पुरे म्हणालो खरा, लगेच मनात आलं, पुनवेचं काय.

समाप्तीच्या दिवशी वळ, राहनाळ, सगळीकडची मंडळी येतात. शेवटची गौळण माझी. तेवीस वर्षं माझी. ती वरच्या सा-वरच उभी आहे. काळी चारमध्ये गायलो तर घसा जाईल, कदाचित कायमचा. उतरून गायलो तर थोरल्या बुवांना दिलेला शब्द जाईल. न गायलो तर. हे वाक्य पुरं करवत नाही.

२१ नोव्हें.

काही सुचत नाही. रांजण ठीक. मधले सूर ठीक. वर गेलो नाही, डॉक्टरांसाठी नाही, भीतीने.

२२ नोव्हें., मंगळवार

मास्तर आले. दारात रिक्षातून उतरले, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, लेकीचा नवरा हात धरून. मी म्हणालो डिसेंबरात येणार होता ना. म्हणाले, "जोमाचं कार्ड आलं. पंधरा दिवस इकडेतिकडे फिरून आलं, नाहीतर आधीच आलो असतो. डॉक्टर सोडत नव्हते. भांडून आलो."

चहा झाल्यावर जावयाला बाहेर बसवलं. म्हणाले, "बुवा, एक सांगायचं आहे. रागवा, पण ओरडू नका. तुम्हाला मनाई आहे."

मग सांगितलं. तीन वर्षं ते मला काळी चार देत नाहीत. काळी तीन देतात.

मी म्हणालो, "खोटं."

"शपथ घेऊ? त्या साली तुमच्या मानेच्या शिरा बघवत नव्हत्या. तुम्ही म्हणायचात चार द्या. मी हो म्हणून तीनवर बोट ठेवायचो. तुमची पाठ माझ्याकडे. पहिल्या दिवशी तुम्ही गायलात, खाली आलात आणि म्हणालात, आज मारुती पावला."

वसंतरावांनी मी मागितली ती दिली. खरी चार. त्यांचा काय दोष.

मी म्हणालो, "मग ती मारुतीची कृपा?" मास्तर म्हणाले, "मारुती कशाला पेटीवर बोटं ठेवायला येईल? माझी घेतली."

मला हसू आलं नाही. मी आत निघून गेलो. ते थोडा वेळ बसले. मग जावयाच्या हाताला धरून गेले. मी निरोपही दिला नाही. एका डोळ्याने नाशिकहून आलेल्या माणसाला.

२३ नोव्हें.

जोमाकडे गेलो. विचारलं, "तुला ठाऊक होतं?" तो म्हणाला, "पखवाज काय आपोआप उतरतो? मीच उतरवलेला. त्या दिशी वसंतराव म्हनला चढवा, चारचौघांत मी काय बोलू? म्हनू काय, का आमचा बुवा तीनचा हाय?"

म्हणून गप्प होता. कार्डही त्याने शाळेतल्या पोराकडून लिहून घेतलं, स्वतःला येत नाही.

घरी येऊन हिला सांगितलं. भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "सगल्या गावाला ठाव हाय. टालवाल्यांना ठाव हाय. तुमालाच न्हवता ठाव."

"तू का नाही बोललीस?"

"तुमी खुशीत व्हता. कवा नाय ते झोपत व्हता."

तीन वर्षं सगळं गाव एका सुराने खाली उतरून गात होतं, आणि कुणी एक शब्द काढला नाही. शेलारात! जिथे कुणाची म्हैस कुठे बसली ते सकाळपर्यंत सगळ्यांना कळतं.

रात्री जेवलो नाही. राग होता असं वाटत होतं. नंतर बघितलं तर राग नव्हता. काय होतं ते लिहिता येत नाही. चौथीपर्यंतच शिकलो.

२४ नोव्हें., गुरुवार

मास्तरांकडे गेलो. आधी परवाच्या वागण्याबद्दल पाया पडलो, ते वयाने लहान आहेत तरी. ओशाळले, पाय ओढून घेतले. मी म्हणालो, "माझं सोडा. पण थोरल्या बुवांना मी शब्द दिला होता. तीन वर्षं मोडत राहिलो, तेही न कळता. वर गेल्यावर त्यांना काय सांगू?"

मास्तर म्हणाले, "थोरल्या बुवांच्या वेळी पेटी माझे वडील वाजवायचे. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी पेटी माझ्याकडे दिली. देताना एकच गोष्ट सांगितली. गाणाऱ्याने काय मागितलं ते ऐकावं, आणि त्याचे केस बघून बोट ठेवावं."

मी म्हणालो, "म्हणजे थोरल्या बुवांनाही?"

"ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. आता दोघंही नाहीत."

थोरले बुवा बहात्तराव्या वर्षापर्यंत गायले. शेवटपर्यंत अलगद. आम्ही म्हणायचो, काय गळा आहे.

मास्तरांच्या बायकोने गूळ-शेंगदाणे आणून ठेवले. शेंगदाणे घशाला वाईट, मी गूळ खाल्ला.

उठताना म्हणालो, "उद्या मी नेहमीसारखं म्हणेन, काळी चार द्या. मंडळी ऐकत असते, म्हणायला हवंच. तुम्ही कुठे बोट ठेवायचं ते ठेवा. मला सांगू नका. नंतरसुद्धा नको."

मास्तर म्हणाले, "डॉक्टर दोन पायऱ्या म्हणाले ना?"

मी म्हणालो, "मला सांगू नका म्हटलं ना."

जोमालाही निरोप दिला, पखवाज मास्तरांना विचारून लाव, मला नको. वसंतरावांकडे स्वतः गेलो. राहनाळपर्यंत चालत. म्हणालो, "तुमचं काही चुकलं नाही. उद्या टाळात उभे राहा, माझ्या शेजारी." त्यांना सगळं ठाऊक झालं होतं. म्हणाले, "बुवा, माझी महिनाभर झोप गेली." म्हटलं, माझीही गेली होती, पण ती तुमच्या आधीपासूनची आहे.

२५ नोव्हें., पुनीव. पहाट

अंघोळ झाली. ही कंदील धरून परसात उभी होती. आधी ओठ मिटून भुंगा, अंथरुणातच केला. मग रांजण. खालचा सा, तीन दम. रांजण लगेच गुंगला. आज त्यात चिंच नव्हती, हिने आपणहून कालच काढून ठेवली होती.

म्हणाली, "वरचा बघितलाव?"

म्हणालो, नाही.

तिचा विश्वास बसला नाही. कंदील वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं.

सुंठ तोंडात धरली आहे. बाहेर जोमा आला, हाक मारतो आहे, "बुवा, चला, मास्तर कवाचं जाऊन बसलंत." हात गार आहेत. गळा गार नाही.

निघतो.